चुडा भरेपर्यंत टिकतील अशी नखं

मी मुळातच संशयी. हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकते. दूधवाल्यानं माप भरून वर चार थेंब जास्त घातले, तर बाकीच्या बायकांना बरं वाटतं. मी त्या दुधात बोट बुडवून बघते. आई म्हणायची, "हिला देवानं प्रसाद दिला तरी ही आधी हुंगून बघेल." बघेन तर! त्यात चुकीचं काय आहे?

पण माझ्या लग्नाच्या वेळी मी जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला, आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त घेतला तिथेच तोंडावर आपटले. ते सगळं झालं माझ्या नखांवरून.

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. आमचं घर रत्नागिरी शहराच्या जरा बाहेर, चालत अर्ध्या तासावर. बाबा मुंबईला नोकरीला, घरी आई आणि आम्ही भावंडं. बाबांच्या पाठवण्यावर भागत नव्हतं म्हणून मी काजूच्या कारखान्यात जायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, त्यात ओळीनं बाकं आणि प्रत्येक बाकावर काजूची बी फोडायचं हातयंत्र. बी त्यात धरायची, दांडा दाबायचा, टरफल उघडलं की आतला गर काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या टरफलात तेल असतं, आणि ते मेलं आगीसारखं जाळतं. आम्ही हाताला राख चोळून बसायचो, तरी बोटांची टोकं भाजायचीच. कातडी सोलून निघायची, खालून नवी यायची. नखं मात्र काळी ती काळीच. डांबरात बुडवून काढावीत तशी दहाच्या दहा. मी चार वर्षं जात होते, तेव्हा माझ्या नखांचा मूळ रंग कुठला हे मलाही आठवत नव्हतं.

कारखान्यातल्या बायकांत त्याचं कुणाला काही वाटत नसे. सगळ्यांचीच तशी. पण लग्नाच्या बाजारात 'मुलगी काजूत जाते' म्हटलं की नाकं मुरडायची. का मुरडायची, ते विचारू नका. काजू खाताना कुणी मुरडत नाही.

माझं स्थळ मामानं आणलं. मुलगा मूळचा संगमेश्वराकडचा, नोकरीला अलोऱ्याला, वीज प्रकल्पाच्या कॉलनीत, तिथे विजेच्या कामावर. घरात तो आणि त्याची आई, वडील नाहीत. स्थळ चांगलं होतं, आणि चांगलं होतं म्हणूनच माझ्या मनात पहिल्या दिवशी पाल चुकचुकली. एवढा कायम नोकरीवाला मुलगा आमच्या दारात कशाला येतोय? मामा म्हणाला, "तुझ्या तोंडाचा पट्टा बंद ठेव, म्हणजे जमेल."

बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "मुलगी काय करते?" मामानं डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "घरीच असते. शिवण करते, हात फार छान आहे." आमच्या घरात शिवणाचं मशीन नव्हतं हो! शेजारून उचलून आणून त्या दिवसापुरतं ओटीवर मांडलं होतं. मी पोह्याच्या बशा घेऊन गेले, तेव्हा बोटं बशीखाली दडवून, अंगठे पदरात गुंडाळून, अशी काही चमत्कारिक चालले की लहान बहीण आतून फिदीफिदी हसली. मुलानं एकदाच वर बघितलं, पण माझ्या हाताकडे नाही. त्याची आई मात्र सारखी माझ्या हाताकडेच बघत होती. मी मनात म्हटलं, ही बाई साधी नाही.

आठवड्यानं होकार आला. आई देवापुढे साखर ठेवून रडली, आणि डोळे पुसून पहिलं वाक्य बोलली ते हे, "आता ह्या नखांचं काय करायचं?"

त्या वेळी आम्हाला खरं सांगायचं सुचलं नाही का? मला सुचलं होतं. मी म्हटलं, "आई, सांगून टाकू या. कष्ट करते, चोरी नाही करत." मामा असा काही उसळला! "मी माणसात तोंड दाखवू कसं? एकदा शिवण म्हटलंय ना, मग शिवणच. हे लग्न मोडलं तर तुझ्या मागच्या दोघींना कोण विचारणार?" आईचा चेहरा पांढरा पडला. लग्न मोडेल ह्या एका शब्दानं आमच्या घराचं धाबं दणाणलं होतं. मग मीही गप्प बसले. आणि खरं सांगू? मलाही ते लग्न हवं होतं. त्या शेडमधून बाहेर पडायचं होतं मला.

कारखान्यात जाणं बंद केलं. हातांची कातडी पंधरवड्यात सुधारली. पण नख काही कुणाच्या घाईनं वाढत नाही. मुळाशी दोऱ्याएवढी गुलाबी रेघ दिसायला लागली, वर सगळं काळं. पूर्ण वाढून निघायला चार-पाच महिने लागणार, आणि लग्न वैशाखात, अडीच महिन्यांवर. म्हणजे साखरपुडा, चुडा, लग्न, त्यानंतरचे नव्या घरातले दिवस, एवढ्या सगळ्यातून निभावेल असं काहीतरी नखांवर हवं होतं.

बाकावर माझ्या शेजारी बसणारी एक बाई होती, पन्नाशीची. ती म्हणाली, "अगो, मेंदी लाव. नखावरची मेंदी नख वाढेपर्यंत हलत नाही. पाण्यानं नाही, राखेनं नाही, कशानं नाही." हे मला पटलं. मेंदी आपली, घरची, कुंपणाला होती तिचाच पाला. पण तरी मी विचारलंच, "मग तुम्ही का लावत नाही?" तर म्हणते, "मला आता कोण बघायला येतंय गो!"

साखरपुड्याच्या आदल्या दोन दिवसांत मी मेंदी वाटून तीनदा लेप दिला. तळवे असे सुंदर रंगले की आई खूश. नखं मात्र आधी काळी होती ती जांभळट काळी झाली, पिकून फुटलेल्या जांभळासारखी. नखांच्या कडेची नवी कोवळी कातडीही डागाळली. आधी नखंच विचित्र दिसत होती, आता बोटांची टोकंही.

साखरपुड्याला मुलाच्या आईनं माझा हात हातात घेतला, अंगठी घालायला. अंगठी घालून झाली तरी हात सोडेना. करंगळीचं टोक धरून स्वतःच्या नखानं असं काही दाबलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण सगळ्यांसमोर हूं की चूं करायचं नाही असं बजावलेलं, म्हणून मी दगडासारखी उभी. तिनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग गोड आवाजात विचारते, "चुलीवरचा गरम टोप उतरवताना चटका बसतो का गो तुला?"

मी मनात म्हटलं, आलं! आतापासूनच चाचपणी. सून किती राबेल, किती सोसेल, मापून घेतेय. मला रागही आला आणि ऐटही आली. मी मान वर करून म्हटलं, "छे! मला चटकाबिटका काही कळत नाही. नुसत्या हातानं निखारा उचलते मी."

आई मागून कौतुकानं हसली. मुलाची आई हसली नाही. तिनं माझा हात हळूच सोडला आणि स्वतःचा हात पदराला पुसला. ते मी बघितलं. घरी येऊन आईला म्हटलं, "बाई घमेंडखोर आहे. माझा हात धरून हात पुसला तिनं." आई म्हणाली, "घाम आला असेल." तिला सगळ्याला उत्तर सापडायचं.

मेंदी तर नापास. मग माझी मावशी मैदानात उतरली. मावशीचे यजमान जहाजावर, वर्षातून एकदा यायचे आणि येताना पेटीभर काय काय आणायचे. त्या पेटीची किल्ली मावशी गळ्यात घालून फिरायची. एरवी साबणाची वडीसुद्धा वास दाखवून परत पेटीत ठेवणारी ही मावशी, आणि एके दिवशी स्वतःहून नेलपॉलिशच्या दोन बाटल्या घेऊन आली. मी म्हटलं, "फुकट?" तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अगो, सख्खी भाची आहेस माझी!" सख्खी तर मी बावीस वर्षं होते.

एक बाटली फिक्या गुलाबीची, एक गडद लालची. मावशी सांगत होती, हे परदेशातलं, आपल्या बाजारातल्यासारखं नाही, तीन आठवडे ढिम्म हलत नाही. फिका गुलाबी लावला तर खालचं काळं त्यातून असं डोकावलं की नखं मेलेल्या माशाच्या डोळ्यांसारखी दिसायला लागली. लाल मात्र बसला. दोन हात दिले की काळं संपूर्ण झाकलं. आई म्हणाली, "नाटकातल्या बाईसारखं दिसतं." पण दिसतं ते काळं नाही ना? मग झालं तर.

मी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. तीन आठवडे म्हणतात तर आपण बघू. पहिल्या दिवशी नारळ खवले, भांडी घासली, अंगण सारवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या अंगठ्याचा टवका उडालेला. तिसऱ्या दिवशी चार बोटांची टोकं उघडी. मावशीला दाखवलं तर म्हणते, "तू कामं कशाला केलीस?" आता बोला! परदेशातल्या बायका काय नारळ दुसऱ्याकडून खवून घेतात? घेतही असतील. पण नव्या सुनेनं सासरी चौथ्या दिवशी भांड्यांना हात लावायचा नाही, हे मी कुणाला सांगणार होते? आणि रोज गुपचूप बाटली काढून रंगवत बसले, तर त्या डोळस बाईच्या ध्यानात यायला कितीसा वेळ!

चुड्याला दहा दिवस राहिले तेव्हा मावशीनं पेटीच्या तळातून तिसरी गोष्ट काढली. प्लॅस्टिकची नखं. पुठ्ठ्यावर ओळीनं लावलेली, गुलाबी, गुळगुळीत, आणि बरोबर डिंकाची बारीकशी नळी. ही आपल्या नखावर चिकटवायची, दाबून धरायची, की झालं. "पंधरा दिवस आंघोळ करा, कपडे धुवा, काही होत नाही," मावशी म्हणाली. "तू लावली होतीस?" मी विचारलं. "मला काय करायचीत?" हे उत्तर मी आधी एकदा ऐकलं होतं. सगळ्या जगाला माझ्यासाठी उपाय सुचत होते, पण स्वतःच्या बोटाला लावून बघितलेली एक बाई मला भेटली नाही.

तिघींची बैठक बसली, आई, मावशी आणि मी. मेंदी टिकते पण झाकत नाही. लाल रंग झाकतो पण टिकत नाही. प्लॅस्टिकची नखं झाकतात हे दिसत होतं, टिकतात का ते देवाला माहीत. मी आधी एका करंगळीला चिकटवून चार दिवस ठेवली. पडली नाही. पण त्या एका नखानं मला वेणीची गाठ मारता येईना, तांदळातला खडा उचलता येईना. "हे अंगाला लागलेलं भूत आहे," मी म्हटलं. आई हात जोडून म्हणाली, "बाय, लग्न होईपर्यंत धर. मग काय वाटेल ते कर." तिच्या आवाजात अशी काकुळती होती की मी ते नख बोटावर तसंच राहू दिलं. त्या बाईला रात्रीची झोप लागत नव्हती माझ्या नखांपायी.

चुड्याच्या दिवशी सकाळी मावशीनं माझी दहाही नखं चिकटवली. हात समोर धरून बघितले तर ते माझे वाटेनात, कुणा श्रीमंत बाईचे उसने आणल्यासारखे वाटले. आणि तेवढ्यात अंगणात आवाज आला. कासार आला होता, त्याच्याबरोबर मुलाची आई.

आमच्याकडे चुडा मुलीच्या घरी भरतात, सासरची माणसं त्याला येत नाहीत. ही बाई संगमेश्वराहून एसटीनं एकटी आली होती. "चुडा आमच्याकडून," म्हणाली, "मी समोर बसून भरवणार." आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. मला कळून चुकलं, हिला कुणीतरी सांगितलंय. कुणी? मी मनातल्या मनात वाडीतली एकेक बाई उभी करून बघितली. मावशीलासुद्धा सोडलं नाही.

कासार म्हातारा, पण हाताला घट्ट. हिरव्या बांगड्या काढून त्यानं माझ्या हाताला साबण लावला, चारही बोटं एकत्र आवळून धरली आणि हात चेपत बांगडी चढवायला लागला. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीला त्यानं माझी बोटं टोकाशी धरून जरा ओढली आणि मधल्या बोटाचं नख टप्पकन त्याच्या तळहातावर आलं.

म्हातारा ओरडलाच. "अरे देवा! नवरीचं नख उपटलं माझ्या हातनं!" त्याच्या हातातली बांगडी खाली पडून फुटली, आणि चुड्याची बांगडी फुटली म्हणून मावशी किंचाळली. मी बोट मुठीत लपवलं. मुलाची आई मात्र ओरडली नाही. ती जागच्या जागी मटकन बसली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुला काहीच लागलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

पदर तोंडाला लावून ती रडायलाच लागली. आणि काय झालं मला माहीत नाही, दोन महिन्यांचा सगळा संताप माझ्या डोक्यात चढला. खोटं बोलून बोलून माझा जीव विटला होता. मी तिच्यासमोर फतकल मारून बसले आणि उरलेली नऊ नखं खटाखट उपटून जमिनीवर टाकली. "रडू नका! बघा! काजूत जाते मी. चार वर्षं बिया फोडल्या. हे त्या तेलाचे डाग. शिवणाचं मशीन शेजारचं होतं, मला साधं काजही करता येत नाही. मोडायचं तर मोडा लग्न आणि व्हा मोकळ्या!"

आई भिंतीला टेकली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मुलाच्या आईनं रडं थांबवलं. माझा हात खसकन ओढला, बोट उजेडात धरलं, आणि साखरपुड्याला दाबलं होतं तसंच टोकाशी कचकन दाबलं.

"आई गं!" मी ओरडले. "किती जोरात!"

"लागलं?"

"लागणारच!"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस गो? निखारा उचलते, चटका कळत नाही, असं कशाला सांगितलंस?" ती माझा हात गदागदा हलवत विचारत होती, आणि रडता रडता हसायलाही लागली होती. "मेल्यांनो, काजूचं तेल! आणि मी काय समजून बसले! आमच्या गावात तपासणीची माणसं आली होती. त्यांनी सांगितलेलं, बोटं बधिर होतात, भाजलं तरी कळत नाही. बघायला आले तेव्हा तू हात लपवत होतीस. पुढच्या वेळी बोटांची टोकं काळीनिळी. मला वाटलं महारोग आहे मुलीला, आणि तुम्ही ते झाकून माझ्या पोराच्या गळ्यात बांधताय."

आईनं डोळ्यांना पदर लावला. पण मेली माझी संशयी खोड! पुढच्याच क्षणी मी विचारलं, "एवढं वाटत होतं, तर लग्न मोडलंत का नाही? दोन महिने गप्प कशाला बसलात?"

"मी मोडायलाच निघाले होते," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी पोराला सांगितलं, नकार कळवू या. तो ऐकेना."

"का?"

"म्हणाला, असला आजार तर असू दे. आता औषध मिळतं, वर्ष-दोन वर्षं घेतलं की माणूस बरा होतो. कॉलनीच्या दवाखान्यात विचारूनसुद्धा आला होता. म्हणाला, मी नेईन तिला. तू फक्त तिला काही बोलू नकोस, तिला वाईट वाटेल."

मामा खोटं बोलला हे त्या बाईनं पुढे जन्मभर लक्षात ठेवलं आणि सणासुदीला मला ऐकवलंही. तिचा हक्कच होता. पण त्या दिवशी मला मामा दिसत नव्हता की मावशी दिसत नव्हती. ज्या माणसाशी मी अजून चार शब्द बोलले नव्हते, तो मला महारोग आहे असं समजून लग्नाला उभा राहणार होता. आणि मी काय करत होते? त्याच्यापासून काळी नखं लपवायला मेंदी बरी की रंग बरा, हे ठरवत होते. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. मग रडू आलं ते आवरेचना. सासूबाईंनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, "पुरे गो, पुरे," म्हणत राहिल्या.

बऱ्याच वेळानं कासारानं घसा खाकरून विचारलं, "मग बाई, चुडा पुरा करू ना?"

सासूबाई काही बोलायच्या आत मी डोळे पुसले आणि दोन्ही हात, काळ्या नखांसकट, त्याच्यापुढे धरले.